विरुद्ध पक्षास प्रत

कागद कसा करायचा हे मला कुणी शिकवायला येऊ नये. एकतीस वर्षं शिवाजीनगरच्या कोर्टात लघुलेखक होते मी, मराठी आणि इंग्रजी दोन्हीची. एका न्यायाधीशांना भर चेंबरमध्ये ‘साहेब, हे वाक्य साक्षीदार बोललेला नाही, मी लिहिणार नाही’ असं तोंडावर सांगितलेलं आहे. निवृत्त झाले तरी शनिवार पेठेतल्या माझ्या बाहेरच्या खोलीत अजून प्रतिज्ञापत्रं करून देते. माझा कागद आजवर एकाही कोर्टातून परत आलेला नाही. हा सगळा तोरा आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं ते ह्या तोऱ्यामुळेच झालं.

प्रज्ञेश माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत ज्युनियर वकील होता. आता एका लॉ कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवतो. हुशार आहे, पण कागदाच्या बाबतीत गबाळा. गेल्या एप्रिलमध्ये एका सकाळी तो एका माणसाला घेऊन आला. पन्नाशीचा, रापलेला, कपाळाला पट्टी बांधलेली.

“मॅडम, हे साईनाथ. मांजरी गावचे. यांची मुलगी माझ्या वर्गात आहे.”

“कपाळाला काय झालं?”

“भितीवर आपटलं,” साईनाथ म्हणाला.

“कुणी?”

“म्याच.”

हकीकत अशी. साईनाथ साखर कारखान्यातला पॅनमन, म्हणजे उकळत्या पाकातून साखरेचा दाणा काढणारा माणूस. आपल्याकडचे असे कारागीर आफ्रिकेतल्या कारखान्यांवर पुष्कळ जातात, तसा तो आठ वर्षं एका देशात होता; अकरा वर्षांपूर्वी परत आला. कुठला देश ते मी इथे लिहिणार नाही. एकदा सगळं व्यवस्थित लिहून बसले तेवढं पुरे झालं. तर प्रज्ञेशनं वर्गाला अभ्यास दिला होता: हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयावर न्यायाधीश निवडून जायचेत, त्या उमेदवारांची माहिती काढा. साईनाथची मुलगी सृष्टी जेवताना मोबाईलवर फोटो बघत होती. बापानं सहज वाकून पाहिलं. मग मोबाईल तिच्या हातातून हिसकला, फरशीवर आपटला, टाचेनं ठेचला, आणि उठून स्वतःचं डोकं भिंतीवर हाणलं. तीनदा. मायलेकींनी धरला म्हणून चौथ्यांदा नाही.

“त्यो जज्ज हाय,” साईनाथ मला म्हणाला. “त्याला म्या वळखतो. त्यानं माझ्या म्होरं अकरा माणसं मारली.”

मी प्रज्ञेशकडे पाहिलं. “आणि असला माणूस तिथे न्यायाधीश कसा होतो?”

“निवडणूक असते, मॅडम.”

“न्यायाधीशाची? कसब्यातल्या नगरसेवकासारखी?”

“जवळपास,” तो म्हणाला, आणि त्यानं समजावून सांगितलं. अठरा न्यायाधीश. दर तीन वर्षांनी सहा नवे, मुदत नऊ वर्षांची. उमेदवार आपापली सरकारं उभी करतात. सभासद देश सव्वाशेच्या आसपास, एका देशाला एक मत, मतदान गुप्त. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं मिळाली की निवडून आला. नाही मिळाली की पुढची फेरी, मग त्याच्या पुढची, सहाही जागा भरेपर्यंत. उमेदवार उच्च नैतिक चारित्र्याचा हवा असं नियमातच लिहिलंय.

“आणि ते चारित्र्य कोण तपासतं?”

“आता तपासतात. तक्रार आली तर चौकशी करतात, उमेदवाराला विचारतात, अहवाल सगळ्या देशांना जातो. पण शेवटी मत देशांचंच. तुम्ही आमच्या माणसाला द्या, आम्ही तुमच्या माणसाला देतो, असंही चालतं. ह्याला पन्नासेक देशांचा शब्द आधीच मिळालाय म्हणतात.”

“आणि आपलं मत?”

“आपला देश सभासदच नाही. तक्रार मात्र कुणीही करू शकतं. मुदत तीन आठवड्यांची आहे.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “मग बघत काय बसलायस? पंखा लाव आणि ह्यांना पाणी दे,” म्हटलं, आणि टाईपरायटरवरचं कापड काढलं.

साईनाथ सांगत होता मराठीत, मी टाईप करत होते इंग्रजीत. खुनाचे खटले मी शेकड्यानं घेतलेत, शवविच्छेदनाचे अहवाल चहा पीत टाईप केलेत. त्या दिवशी मात्र दोनदा उठून मोरीत तोंड धुऊन आले.

ऊसतोड करणारा एक पोरगा कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यात, खेचला गेला. मॅनेजरनं यंत्र थांबवू दिलं नाही. संध्याकाळी रोलरखालून जे निघालं ते पोत्यात भरलं. दुसऱ्या दिवशी तोडणीवाले फाटकात आडवे पडले. चौथ्या दिवशी लष्कराचा ट्रक आला आणि त्याच्या मागनं मोटारीतून हा जज्ज. तेव्हा तो त्या जिल्ह्याचा न्यायाधीश होता. त्यानं उसाच्या गाड्या तोलायच्या वजनकाट्याजवळ टेबल मांडायला लावलं, पाण्याचा तांब्या मागितला, आणि इथेच कोर्ट भरलं असं जाहीर केलं.

“त्याला त्येंची नावं ठावं नव्हती,” साईनाथ म्हणाला. “मला त्येंची भाशा यायची. मॅनेजरनं मला फुडं ढकलला. शिपायानं हितं, कानामागं, बंदूक लावली. जज्ज म्हनला, नाव सांग. म्या सांगितलं.”

“सगळ्यांची?”

“येकेकाची. म्या नाव घ्यायचं, त्यो लिवून घ्यायचा. मान बी वर करत नव्हता. दोन शब्द बोलायचा आन् शिपाई त्या गड्याला काट्यावर घिऊन जायचे. लोखंडाच्या पत्र्यावर हात ठिवायला लावायचे. त्याच्याच कोयत्यानं तोडायचे, दोन्ही. मग गोळी घालायचे. हात कशापायी, तर म्हनं ह्या हातांनी कारखाना बंद पाडला. तिसऱ्याच्या टायमाला कोयत्याची धार गेली. मग घाव घालत बसले. त्यो वरडत व्हता माझ्या नावानं. साय, साय म्हनायचे मला सगळे. रोज माझ्याबरं जेवायचा त्यो.”

प्रज्ञेश खिडकीकडे तोंड करून उभा होता. मी विचारलं, “मग?”

“अकरा झाले. बाराव्याचं नाव घेतलं, त्यो गडी काट्यावर पोचला, तेवढ्यात जज्जानं घड्याळ बघितलं. जेवायची येळ झाली म्हनला. बाराव्याला तसाच सोडला, टेबल उचललं आन् गेला.”

मी वाक्य पूर्ण केलं. मग विचारलं, “त्या लोकांची नावं सांगा.”

त्यानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

“साईनाथ, नावं हवीत.”

“न्हाई. येकदा घेतली ह्या तोंडानं. म्या नाव घेतलं आन् त्यो मेला, अकरा डाव. परत घेनार न्हाई.”

प्रज्ञेशनं समजावलं, की नावांशिवाय ही तक्रार लुळी आहे, जज्ज म्हणेल असं काही घडलंच नाही. ‘मी नावं सांगितली’ हे कलम काढून टाकावं, ते तुमच्यावरच उलटेल, असंही सुचवलं. साईनाथनं दोन्ही ऐकलं नाही. नावं देणार नाही, आणि आपला दोष लपवणार नाही. मी प्रज्ञेशला गप्प बसवलं. साक्षीदार जे बोलला तेच कागदावर जाईल, हा माझा नियम.

आता नियमांचंच सांगते. प्रतिज्ञापत्राची सुरुवात एकाच पद्धतीनं होते: नाव, वय, धंदा, राहणार. मी सगळं लिहिलं. मांजरी बुद्रुक, गट नंबर, कॅनॉलच्या पुलापलीकडे उसाला लागून तिसरं घर. नवखा पोस्टमनसुद्धा चुकणार नाही असा पत्ता लिहायची मला सवय आहे. नोटरीचा शिक्का झाला. एक प्रत प्रज्ञेशनं चौकशी करणाऱ्यांकडे पाठवली.

आणि एक मी पाठवली.

आमच्या कोर्टात समोरच्याला प्रत दिल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ज्याच्याविरुद्ध बोलायचं त्याला ते वाचायला मिळालंच पाहिजे. ह्याला मी न्याय समजते, अजूनही समजते. एकतीस वर्षं दर कागदाच्या कोपऱ्यात मी ‘विरुद्ध पक्षास प्रत’ असा निळा शिक्का मारत आले. तसा त्याही प्रतीवर मारला, पाकिटात घातली, वर उमेदवाराचं नाव आणि खाली त्याच्या देशाच्या दिल्लीतल्या वकिलातीचा पत्ता घातला, आणि पोस्टात जाऊन रजिस्टर्ड ए.डी. केलं. प्रज्ञेशला विचारलं नाही. त्याला काय विचारायचं, तो गबाळा. नवव्या दिवशी पोच आली, सहीनिशी. मी ती फाईलला लावली आणि मनात म्हटलं, झालं काम नीट.

त्यानंतर बारा दिवसांनी, सकाळी साडेनऊला, साईनाथ घरासमोर मोटारसायकल पुसत होता. त्याची बायको मुक्ताई अंगणात धुणं वाळत घालत होती. गाडीवरून दोघं जण आले. विशीतले, तोंडाला रुमाल. पुलावरून सरळ तिसऱ्या घरासमोर येऊन थांबले. कुणाला पत्ता विचारला नाही. एकानं ‘साईनाथ तूच का’ एवढं विचारलं आणि शर्टात मागे खोचलेला कोयता काढला.

पहिला घाव त्यानं उजव्या हातावर झेलला. चार बोटं मोटारसायकलच्या टाकीवर पडली. दुसरा जबड्यावर बसला. तिसरा, चौथा, पाचवा पाठीवर. मुक्ताईनं ओल्या चादरीचा पिळा एकाच्या गळ्यात टाकून त्याला मागे ओढला, तर दुसऱ्यानं तिच्या पोटात लाथ घातली. तिनं सोडलं नाही. शेजारी धावून आले तेव्हा एक जण गाडी टाकून पळाला आणि दुसरा मुक्ताईच्या खाली होता. त्याचं तोंड ती दगडानं ठेचत होती. लोकांनी ओढून काढली नसती तर तो जागच्या जागी मेला असता, आणि माझ्या मते काही बिघडलं नसतं.

हडपसरच्या दवाखान्यात मी आणि प्रज्ञेश दुपारी पोचलो. हवालदारानं एक घडी घातलेला कागद दाखवला. मारेकऱ्यांच्या गाडीच्या डिकीत सापडलेला.

“हे इंग्रजी काय आहे, वाचता का जरा?”

माझंच टायपिंग. पहिलं पान, झेरॉक्स. ‘राहणार’च्या खाली कुणीतरी लाल रेघ मारलेली. प्रज्ञेश पांढराफटक पडला. “तिकडून फुटलं? असं कसं फुटेल? ते सगळं गोपनीय असतं, मॅडम.”

मी कोपरा पाहिला. शिक्का झेरॉक्समध्ये काळा उमटला होता, पण पूर्ण वाचता येत होता. तो शिक्का एकाच प्रतीवर होता.

“तिकडून नाही,” मी म्हणाले. “मी पाठवला.”

प्रज्ञेशला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा तो इतक्या मोठ्यानं ओरडला की नर्स धावत आली. “कुणाला? त्यालाच? घरचा पत्ता? मॅडम, साक्षीदार लपवायचा असतो हो तिथे. खुनी आहे तो, शेजारच्या भिंतीचा दावा लावणारा प्रतिवादी नाही.” बोलता बोलता त्यानं हातातलं हेल्मेट जमिनीवर फेकलं. मी ते उचलून बाकड्यावर ठेवलं.

घरी आले. टेबलावर काचेचा पेपरवेट होता. डावा हात टेबलावर ठेवला आणि त्यावर पेपरवेट हाणला. शिक्का मारणारा हात उजवा, पण मारायलाही तोच लागतो. दोन नखं काळी पडली. त्यानं काय झालं? काही नाही. नुसती ठणकत राहिली.

दुसऱ्या दिवशी मुक्ताईला सांगितलं. बाकड्यावर तिच्याशेजारी बसून, स्पष्ट शब्दांत. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “आता नगं, बाई,” म्हणाली. “आता मला त्येंच्याकडं बघू द्या.”

मग साईनाथला सांगितलं. जबडा तारांनी बांधलेला, उजव्या हाताला नुसता पट्ट्यांचा गोळा. डोळे उघडे होते. माझं सांगून संपल्यावर त्यानं डाव्या हातानं माझं मनगट धरलं. इतकं करकचून की मला वाटलं आता मोडतो. मोड बाबा, म्हटलं मनात. मग त्यानं ते सोडलं आणि लिहायची खूण केली. मी वही धरली. डाव्या हातानं, पहिलीतल्या मुलासारखं वेडंवाकडं त्यानं लिहिलं: ‘त्याला कळल मी जिता हाय?’

“कळलं,” मी म्हणाले.

त्यानं पान उलटवलं आणि नावं लिहायला लागला. तोंडानं घेणार नाही म्हणालेला माणूस. पहिल्या दिवशी तीन. दुसऱ्या दिवशी चार, मध्येच ताप चढला. तिसऱ्या दिवशी चार, प्रत्येकापुढे गावाचं नाव. चौथ्या दिवशी फक्त एक ओळ लिहिली: बाराव्याचं नाव, आणि ‘ह्यो जिता असल. शोदा.’

सहाव्या दिवशी सकाळी साईनाथ गेला. जखमा चिघळून रक्तात विष पसरलं, असं डॉक्टर म्हणाले.

पुढचं प्रज्ञेशनं केलं. गबाळा म्हणत होते ना मी त्याला? त्या पोरानं चार महिने धड झोप घेतली नाही. नावांवरून गावं सापडली, गावांवरून विधवा सापडल्या, आणि शेवटी बारावा माणूस सापडला. तो शेजारच्या देशात एका बंदरावर पोती उचलत होता. दुभाष्यामार्फत, व्हिडिओ कॉलवर त्याचा जबाब झाला. ह्या वेळी कुणाचाही पत्ता कुठेही लिहिला नाही. मी टाईप केलं, प्रज्ञेश शेजारी उभा राहून बघत होता, आणि मला त्याचा राग आला नाही. जज्जानं उत्तरात लिहिलं होतं की असं कोर्ट कधी भरलंच नाही, आणि भरलं असेल तर मयत साक्षीदारानं स्वतःच नावं पुकारल्याची कबुली दिली आहे. बाराव्या माणसानं मात्र वजनकाटा, टेबल, तांब्या, घड्याळ, सगळं सांगितलं, आणि साईच्या कानामागची बंदूकही सांगितली.

पोलिसांना सुपारी देणारा सापडला नाही. पळालेला पोरगाही पकडला गेला, पण दोघांनाही फोनवरच्या आवाजापलीकडे काही माहीत नव्हतं. पण तक्रार करणारा मारला गेला, एवढं सगळ्या देशांच्या कानावर गेलं.

डिसेंबरात न्यूयॉर्कला मतदान झालं. पहिल्या फेरीत त्याला निम्म्याहून थोडी कमी मतं. दुसऱ्या फेरीत घसरला. तिसऱ्यात आणखी. चौथ्या फेरीनंतर त्याच्या सरकारनं नाव मागे घेतलं. प्रज्ञेशनं सकाळी सात वाजता फोन केला. बोलता बोलता रडत होता. म्हणाला, “मॅडम, नुसत्या पहिल्या कागदावर काही झालं नसतं. तसे कागद ढिगानं येतात, त्यात नावंही नव्हती. हल्ला झाला, त्यांनी नावं लिहिली, म्हणून हरला तो.”

मी बसनं मांजरीला गेले. पुलापलीकडे उसाला लागून तिसरं घर. मुक्ताई ओट्यावर तांदूळ निवडत होती. सृष्टी आत असावी. मी उभ्याउभ्याच सांगितलं, की तो माणूस हरला, न्यायाधीश झाला नाही.

तिनं सूप खाली ठेवलं. “बसा,” म्हणाली. मी बसले.

“येक इचारू? खरं सांगा. तुमी त्याला त्यो कागद धाडला नसता, तर त्यो निवडून आला असता?”

येताना बसमध्ये मला ठाऊक होतं की ती हे विचारणार. खोटं बोलायचं ठरवलं होतं. एकतीस वर्षांत एक वाक्य खोटं लिहिलं नाही, एक बोलायला काय हरकत आहे, अशी स्वतःची समजूतही घातली होती.

“आला असता,” मी म्हणाले. खोटं तोंडातून निघालंच नाही.

“आन् ह्ये?”

“घरी असते. आत्ता इथे.”

ती उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. साधी नाही; मी ओट्यावरून खाली अंगणात पडले, चष्मा फुटला, ओठ दातात येऊन रक्त आलं. तिनं परत हात उगारला. मी तोंड चुकवलं नाही.

दुसऱ्यांदा तिनं मारलं नाही. दंडाला धरून मला उठवलं, पदरानं माझा ओठ पुसला, काचा गोळा करून माझ्या हातात दिल्या.

“त्येंनी सपनात रोज ती नावं घेतली, अकरा वरसं,” ती म्हणाली. “मला पाठ हायेत. तुमी मला इचारलं असतं, तर म्या सांगितली असती.”